खलातली चमकी

एकच घाव.

सासऱ्यांनी खलात बत्ता आपटला आणि त्रिशलाच्या नाकातल्या चमकीतल्या हिऱ्याचे तीन तुकडे झाले.

"काच हाय ही!" ते सोप्यावरच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं गरजले. "जमिनीच्या पोटात येवढा दाब सोसलेला हिरा बत्त्यानं फुटंल व्हय? तुझ्या बापानं फसवलं आमाला."

लग्नाला चारच दिवस झाले होते.

"मामा, हिऱ्यावर ओरखडा उठत न्हाई. पण घाव घातला की फुटतो. अन् घाव तुमी घातला," त्रिशला सासऱ्यांना म्हणाली.

"तोंड वर करून बोलतीस?"

त्रिशलानं खलातला सगळ्यात टोकदार तुकडा उचलला, भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो खाली काढला आणि काचेवर, बरोबर त्यांच्या कपाळावर, करकरत बापाचं नाव कोरलं.

आदगोंडा.

सासूनं पदरानं घासलं, चिंचेनं घासलं. नाव जाईना.

दुसऱ्या दिवशी काच बदलायला मिरजेचा काचवाला आला. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला, "मालक, हिऱ्यानं कुणी लिवलं हे?"



"माझ्या बापानं," आतून त्रिशला म्हणाली.