रुमालाखालचा भाव

हमीभावापेक्षा कमी दराने मूग घेणाऱ्या व्यापाऱ्याला तुरुंग, असा हुकूम निघाला होता. सरकारी खरेदी केंद्राला मात्र अजून कुलूपच होतं. म्हणून व्यापारी गनीशेठ रुमालाखाली मूग विकायला आलेल्या झिपरूआबांची बोटं दाबून, चकार शब्द न काढता, पडता भाव ठरवत होता. तेवढ्यात तपासनीस साहेब पुढ्यात येऊन उभे राहिले.

"काय भाव दिला?"

"हमीभावच शे, साहेब," आबाच घाईघाईने बोलले आणि सटकले.

साहेब हलेनात.

आजूबाजूला पाहत साहेबांनी स्वतःचा हात रुमालाखाली सरकवला. गनीला वाटलं, लाच मागतायत. पण ती बोटं आबांपेक्षाही कमी भाव सांगत होती.

"मन्हा बापना मूग बी घरमा पडेल शे, भाऊ," साहेब कुजबुजले. "कोनले सांगू नको."