ओल्सनबाईंचं पाळण्यातलं नाव

"कागद नकोत मला," एर्लिंदा कान्तू म्हणाली. "आजी-आजोबांपैकी एक जण तरी आपल्या रक्ताचं असलं, की मुलीला शिष्यवृत्ती. पण त्यांनी इथे येऊन तोंडाने सांगायचं. नियम आहे."

नियम खराच होता. चर्चमागच्या हॉलमध्ये आमच्या मेक्सिकन बायकांचं मंडळ वर्षभर मक्याचे तमालेस विकून ही शिष्यवृत्ती देतं, आणि गेल्या साली दोन पोरी खोट्या आज्या सांगून ती पळवून गेल्या होत्या.

ब्रेना ओल्सनने आजीच्या कपाटात सापडलेला बाप्तिस्म्याचा दाखला मागे घेतला आणि शेजारी बसलेल्या आजीकडे पाहिलं. नर्सिंग कॉलेजातली जागा शुक्रवारपर्यंतच तिची होती. शिष्यवृत्ती नसेल तर कॉलेज नाही.

आजी म्हणजे ओल्सनबाई. अर्ध्या गावाला त्यांनी पहिलीत शिकवलं. स्पॅनिशचा एक शब्द तोंडातून निघाला की हातावर पट्टी बसायची. एर्लिंदाने तर स्पॅनिशमध्ये फक्त पाणी मागितलं होतं. बाई स्वतःला इटालियन म्हणवायच्या, आणि त्यांच्या गोऱ्यापान नवऱ्याकडे बघून कुणी खोलात शिरत नसे.

"सांगा, बाई."

"माझे आईवडील मेक्सिकोचे," बाई इंग्रजीत पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं. आणि या हॉलमध्ये आपली ओळख स्पॅनिशमध्येच सांगायची."

"पण आजीला येतं कुठे स्पॅनिश?" ब्रेना म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्पॅनिशमध्ये बोलल्या. "मी त्रिनिदाद ओलगीन. कापूस वेचणाऱ्या रेफुहिओ ओलगीनची पोर." उच्चार अगदी अस्सल होते, मेक्सिकोच्या सीमेवरल्या नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसांचे. एर्लिंदाच्या मुलांनाही असं बोलता येत नाही.

ब्रेना आ वासून बघत राहिली. "आजी, मला का नाही शिकवलंस?"

एर्लिंदाला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं, थोडं जास्तच.

तिने अर्जावर सही केली. "जा मुली, मिळाली तुला. आणि बाई, रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपली की आम्ही नावं वाचतो. मुलीचं, आणि जिच्यामुळे मिळाली तिचंही. पूर्ण नाव." हे ती परत इंग्रजीत म्हणाली, पोरीला कळावं म्हणून.

"सगळ्यांसमोर?"

"तुमचा अख्खा वर्ग असतो तिथे. नाव घेतलं की उभं राहायचं."

बाईंनी पर्स छातीशी धरली. "अर्ज मागे घेतला तर?"

"आजी!" ब्रेना ओरडली. मग तिने म्हातारीचा हात घट्ट धरला. "मी असेन ना तुझ्याबरोबर. आपण पप्पांनाही नेऊ. त्यांना तर यातलं काहीच माहीत नाही."

"आणा की," एर्लिंदा पेनाचं टोपण लावत म्हणाली. "ते तर अर्धे आमचेच."