तिसरी निवडणूक

कर्नल क्रेन तिसऱ्यांदा निवडणुकीला उभे होते आणि निकाल काही येत नव्हता.

राधिका सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात, काचेच्या मीटिंग रूममध्ये अडकली होती. साहेबांच्या स्लाइड संपत नव्हत्या. तिच्या लॅपटॉपवर मात्र बाबांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उघडं होतं. उद्या फाइल पुण्याच्या छापखान्यात गेली नाही, तर बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पुस्तक हाती येणार नव्हतं.

बाबांनी, म्हणजे प्राध्यापक मनोहर देवस्थळींनी, उभा जन्म कर्नल क्रेन यांच्या या एका चरित्रात घातला होता. अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या जंगलात, लाकडी खोपटात वाढलेला हा पुढारी दोनदा उभा राहिला, दोनदा पडला. बाबा त्याला अहो-जाहो करत आणि सगळं वर्तमानकाळात सांगत, जणू तो शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहतो. सिंगापूरला येऊनही राधिकाची ओहायोतून सुटका नव्हती.

हल्ली बाबांचे डोळे आणि पाय दोन्ही दगा देत. म्हणून मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये ते सांगत आणि आई मोबाइलवर लिहून पाठवी, तेही तारेसारखं तुटक. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव न घेतलेली आई कर्नलचंही नाव घेत नसे. राधिका तिला त्यावरून चिडवायची.

"आज दुपारी निकाल लावतो," बाबा सकाळी म्हणाले होते.

फोन थरथरला. आई. राधिकाने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. ऑफिसात फोन नको, लिहून पाठव, हे तिने आईला शंभरदा सांगितलं होतं.

मग मेसेज आला. 'परत पडले.'

राधिकाला खरंच वाईट वाटलं. तिने टाइप केलं: तिसऱ्या निवडणुकीतही कर्नल पडले.

'दार आतून बंद. हाका मारल्या. ओ देत नाहीत.'

पराभवानंतर खोपटात कोंडून घेतलेला माणूस तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तिने लिहिलं, 'झकास! बाबांना सांग. पुढे?'

'दाराखालून पाणी येतंय.'

म्हणजे ओहायोला पूर आला होता. पण दाराआड कर्नलच होते की त्यांचा म्हातारा नोकर? इथे घोटाळा नको.

'आई, आत नक्की कोण आहे? एकदा तरी नाव लिही ना!'

साहेबांनी पुढची स्लाइड लावली. मग एकच शब्द आला.

'मनोहर.'