खालून चौथं नाव

“आजी, उठा. छिन्नी लागेल.”

“लागू दे. दगड सोसतो, मीही सोसेन.”

सकाळपासून म्हातारी चौकातल्या स्मृतिस्तंभाला पाठ लावून बसली होती. पाठीमागे बरोबर खालून चौथं नाव. युद्धात पडलेल्या, याच वस्तीतल्या नऊ शिपायांची नावं झिजली होती. परगावाहून आलेला पाथरवट ती पुन्हा कोरत होता. खालून वर जायची त्याची रीत. हात बसेपर्यंतची अक्षरं खाली खपून जातात, वरची सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. तीन झाली होती. चौथं मात्र खोडायचं होतं. जुने कागद तपासताना समितीला कळलं होतं, की हा शिपाई चौकी सोडून पळाला होता.

समितीचे अध्यक्ष घाम पुसत आले. “काकू, तुमचा मान म्हणून गप्प बसलोय. दुसरं कोणी असतं तर उचलून बाजूला ठेवलं असतं.”

“उचल की. माझ्याआधी तुझेच गुडघे वाजतील.”

पाथरवटाने हसू धुळीबरोबर गिळलं.

“पळपुट्याचं नाव शूरांच्या रांगेत? लोक काय म्हणतील?”

“मला देवापुढे उभं राहायचंय, तुझ्या लोकांपुढे नाही.”

पाथरवट तिच्याशेजारी उकिडवा बसला. “आजी, आईचं काळीज मला कळतं. पण लेकाने चूक केली असेल तर...”

“केली. आईनेही केली. तीस वर्षं तोंड शिवून बसली.”

“कागदावर पलटणीच्या साहेबांची सही आहे, काकू!” अध्यक्ष म्हणाले.

“साहेब तिथे नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं.” तिने कमरेची पिशवी सोडून एक पिवळं पत्र पुढे केलं. “लष्करी दवाखान्यातून आलेलं, शेवटचं. वाच. अक्षर ओळखशील, एका बाकावर बसायचात.”

अध्यक्षांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिच्या पाठीमागच्या नावाकडे त्यांनी बोट केलं.

“म्हणजे चौकी याने सोडलीच नाही?”

“मरेपर्यंत नाही. एकटा होता.”

अध्यक्षांनी पाथरवटाकडे बघून मान हलवली. म्हातारी बाजूला सरकली. पाथरवटाने चौथं नाव बाकीच्यांहून खोल कोरलं, फुंकर मारून धूळ उडवली.

“घ्या आजी, तुमच्या लेकाचं नाव राहिलं.”

“माझ्या लेकाचं नाव सगळ्यात वर आहे,” म्हातारी म्हणाली. “पळाला तो, आणि साहेबाला याचं नाव सांगितलं तेही त्यानेच. पत्रात कबूल केलंय त्याने. शिडी लाव. खोडायचं आहे ते वरचं.”