भेगेतली वाळू

दगडी सिंहावर खरा हक्क कोणाचा, हे तपासण्यासाठी संग्रहालयाने भूगर्भतज्ज्ञ बाईंना बोलावले होते.

"आमच्या डोंगरावरच्या वेशीतून चोरलात," गावप्रमुख म्हणाले.

"विकत घेतला," संचालक म्हणाले.

"चोराकडून!"

बाईंनी सिंहाच्या पोटाखालच्या भेगेतला डोंगरातल्या मातीचा थर खरवडून त्याखालची वाळू भिंगाखाली धरली. तीत शिंपल्यांचा चुरा होता.

"काका, ही समुद्रकाठची वाळू. तुमच्या गावाजवळ समुद्र आहे?"

"छे हो! आमच्यापैकी कुणी तो पाहिलेलासुद्धा नाही."

"सिंहाने पाहिलाय. तुमच्या वेशीत येण्याआधी तो किनाऱ्यावर होता. कोणत्या गावाचा, तेही शोधता येईल. शोधू?"

गावप्रमुखांनी संशयाने आधी बाईंकडे आणि मग भिंगाकडे पाहिले.

"नको. ती भेग तेवढी बुजवून टाका."

"त्यांचं अगदी बरोबर आहे," संचालक म्हणाले.