वीस मिनिटांचा डाग

उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून लॅबची रितिका महाल वस्तीत बायजाबाईंकडे पोचली. त्यांच्या दंडाला पट्टा बांधून तिने शीर शोधली, तोच तिच्या नजरेत तिथे चमचमती नागमोडी रेघ उमटली. ती पसरली तसा हाताचा तुकडाच दिसेनासा झाला. मायग्रेनची चाल तिला पाठ होती: वीस मिनिटं आंधळा डाग, मग डोकेदुखी. यापायी दोन तक्रारी झाल्या होत्या. तिसरीला नोकरी गेली असती. तरी तिने सुई खाली ठेवली, पट्टा सोडला आणि सगळं सांगितलं. “बस मग. चायबिना काई मरत नाही मी,” म्हणत बायजाबाईंनी खिडकी लावली. वीस मिनिटांनी रेघ विरली. त्यांनी दुसरा पंजा तिच्यासमोर धरला. “किती बोटं दिसून राहिले वं?” रितिकाला चारच दिसली. पाच सांगून मोकळं व्हावंसं वाटलं. “चार,” ती म्हणाली. “बरोबर. पाचवं मिलमध्ये गेलं. टोच आता.”