खाचेची पिन

आत्मारामने काउंटरवर तीन पिना मांडल्या. गाडीच्या वायरिंगमध्ये रत्नागिरीत आपला हात कोणी धरू शकत नाही, असं त्याचं ठाम मत होतं, आणि गिऱ्हाईक समोर असलं की ते बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नसे. आज मात्र तो हळू बोलत होता. समोर हरिश्चंद्र उभा होता. त्याची अकरा वर्षांची मुलगी चिमा जाऊन महिनाही झाला नव्हता.

हरिश्चंद्र बोटीवर नोकरीला. त्याची वाडी लांज्याच्या आतल्या अंगाला. तिथे पंच्याऐंशी सालीसुद्धा विजेचे खांब तेवढे पोचले होते, वीज नव्हती. चिमाला रोज इन्सुलिन लागायचं. म्हणून मागच्या सुट्टीत त्याने परदेशातून गाडीच्या बॅटरीवर चालणारी थंड पेटी आणली आणि भावाच्या, काशीरामच्या, जिपेत ठेवली. या खेपेला तार मिळून तो घरी पोचला तो थेट तेराव्याला. आता ती पेटी त्याला सरकारी दवाखान्याच्या जिपेसाठी द्यायची होती, पोलिओचे डोस न्यायला.

"ही पहिली, पेटीबरोबर आलेली," आत्माराम म्हणाला. "सिगारेटच्या लायटरच्या भोकात बसते. आपल्या रस्त्याला दर वळणावर सुटायची. काशीरामाने तक्रार केलीन म्हणून मी ही दुसरी बसवून दिली, घरातली दोन पायांची. पण दवाखान्याला ही तिसरी देतो. ट्रॉलीच्या दिव्यांना असते ती, खाचेची."

"जी टिकेल ती दे," हरिश्चंद्र म्हणाला.

आधी पेटी चालते का ते बघायचं होतं. काशीरामची जीप दारातच होती. हरिश्चंद्राची बायको सगुणा इतका वेळ पेटीवर हात ठेवून बाकावर बसली होती. कुणी न सांगता ती उठली, पेटी जिपेत नेऊन ठेवली, वायर सोडवली आणि दोन पायांची पिन खोचली. पेटीचं सगळं तीच बघायची. पेटीचा पंखा फिरू लागला.

दहा मिनिटांनी आत्मारामने आत हात घातला. पत्रा कोमट होता. बॅटरी ठीक होती, वायरी ठीक होत्या. मग त्याने पिन काढली आणि सहज उलटी करून घातली. थोड्या वेळात पत्रा गार पडायला लागला. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा कोमट.

घरातल्या विजेला पिन कशीही घाला, दिवा लागतो, पंखा फिरतो. वीस वर्षं तो हेच धरून चालला होता. बॅटरीची लाल आणि काळी वायर जोडताना तो कधी चुकला नव्हता, पण पुढे लोकांच्या हातात पिन उलटसुलट होईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि उलटी घातली तर ही पेटी बंद पडत नव्हती, तापत होती. चिमाचं इन्सुलिन याच पेटीत असायचं.

गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. एकाच बाजूने बसणारी खाचेची पिन लावली की दवाखान्याच्या डोसांना धोका नव्हता. पिन आपल्या हातून उलटी गेली, हे कळण्यापासून सगुणा वाचली असती. आणि तोही वाचला असता. ते शेवटचं त्याला फार टोचलं.

सगुणा जवळ येऊन उभी राहिली होती. "गरम लागली ना हाताला?"

आत्मारामने पिन उपसून हातात घेतली.

"आमच्याकडंपण लागायची. पाडव्यापासून. पंखा फिरत होता म्हणून मला वाटला, गाडी उन्हात उभी असते." ती म्हणाली. "पेटी यायच्या आधी औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचो आम्ही. तेव्हा कधी कोमट नाय लागली."

हरिश्चंद्र पुढे आला. "काय झाला?"

"वायर मी उलटी जोडली होती," आत्माराम म्हणाला. "गार व्हायच्या ऐवजी पेटी तापत होती. औषध त्यात फुकट गेला. चूक माझी."

हरिश्चंद्राचा हात वर गेला आणि तसाच जिपेच्या दांडीवर येऊन पडला.

"नाय," सगुणा म्हणाली. "तुमच्याकडून आली तेव्हा गार होती. भावोजींनी माझा हात आत घालून दाखवली. मग पाडव्याला गाडीची पूजा होती, म्हणून मी पेटी पुसायला काढली." ती पिनेकडे बघत होती. पिनेचे दोन्ही पाय अगदी सारखे होते. "पुसली, हळदकुंकू लावला आणि परत घातली ती मीच."

हरिश्चंद्र जिपेच्या पायरीवर बसला आणि रडायला लागला. बोटीवरून आल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. सगुणा त्याच्या शेजारी टेकली. तिला रडू आलं नाही.

आत्मारामने पक्कड घेतली, दोन पायांची पिन तोडून टाकली आणि नवी जोडायला बसला. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला. पेटी उचलून तो बाहेर आला तेव्हा हरिश्चंद्राने तोंड पुसलं होतं, पण तो पायरीवरच बसून होता. पेटी सगुणानेच घेतली.

"दवाखान्यातल्या बाईला नीट दाखवून द्या," ती म्हणाली. "पिन कशी घालायची ती."

"वहिनी, ही एकाच बाजूने बसते. उलटी जायचीच नाय. दाखवायची गरज नाय."

"तरी दाखवा," सगुणा म्हणाली.